ब्रसेल्स स्प्राउट्स बियांपासून: जितकी पानं, तितक्या गड्ड्या

ब्रसेल्स स्प्राउट्सचं वाढलेलं झाड एकदा नीट निरखलं की त्याची निम्मी लागवड तिथेच कळते. जाड सरळसोट खोड, त्याला गोल फेर धरून लागलेली लांब देठांची पानं आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक डोळा. हाच डोळा फुगून गड्डी होतो. कोबी शेंड्यावर एकच मोठा गड्डा बांधतो, हे झाड खोडभर लहान लहान बांधतं. म्हणजे पानं जितकी, गड्ड्याही साधारण तितक्याच. गारठा पडून वाढ मंदावेपर्यंत झाडानं ३०-४० पानं काढलेली असली तर तेवढ्या गड्ड्यांची आशा धरायची. त्यानंतर खताची पोती ओतली तरी त्यात फारशी भर पडत नाही.

मी हे पीक करते ते याच हिशेबानं. आधी पानं, मग थंडी, मग गड्ड्या. हा क्रम चुकला की तक्रार ठरलेली असते: झाड तर कंबरेएवढं झालं, पण स्प्राउट्स आलेच नाहीत.

पीक अवघड नाही, लांबलचक मात्र आहे. बी टाकल्यापासून पहिली तोडणी हाती यायला चार-पाच महिने सहज जातात, काही वाणांना सहा. तेवढा काळ ती जागा अडून राहणार. वाफा एकच असेल आणि धीर कमी असेल तर सरळ नवलकोल लावा. तो याचाच भाऊबंद आहे आणि दोन-अडीच महिन्यांत मोकळा होतो. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, केल आणि ब्रसेल्स स्प्राउट्स या सगळ्यांची वनस्पतिशास्त्रातली जात एकच, ब्रासिका ओलेरेसिया. कुणी पान फुगवलं, कुणी खोड, कुणी फुलोरा. यानं बगलेतले डोळे फुगवले.

आधी कॅलेंडर, मग बी

या झाडाला वाढीसाठी १५ ते १८ अंश सेल्सिअसची हवा सगळ्यात मानवते. त्याहून गरम हवेतही ते पानं काढत राहतं, पण गड्डी भरायच्या वेळी दिवसाचं सरासरी तापमान २४-२५ अंशांच्या वर राहिलं तर गड्डी घट्ट बांधत नाही, फुलासारखी उघडी राहते. उलट बाजूनं हलकं हिमतुषार पडलं तर फायदाच. थंडीला तोंड देण्यासाठी झाड साठवलेल्या पिठूळ द्रव्याची साखर करतं, म्हणून गारठा खाल्लेल्या गड्ड्या गोड लागतात. बऱ्याच वाणांचं मोठं झाड शून्याखाली काही अंशांपर्यंत खुशाल उभं राहतं.

म्हणून पेरणीची तारीख पुढून मागे मोजायची. तुमच्याकडे गारठा नक्की कधी असतो ते लिहून काढा आणि तोडणी त्या काळाच्या मध्यावर धरा. बियांच्या पाकिटावर दिलेले दिवस बहुतेक वेळा रोप वाफ्यात लावल्यापासूनचे असतात, बी टाकल्यापासूनचे नव्हे. तेव्हा त्यात रोपाचे पाच आठवडे मिळवा. शिवाय दिवस लहान होत जातात तशी वाढ रेंगाळते, त्यासाठी आणखी दोन आठवडे हाताशी ठेवा. समजा १ जानेवारीला तोडणी हवी आहे आणि पाकिटावर ११० दिवस लिहिले आहेत. ११० अधिक ३५ अधिक १४, एकूण १५९ दिवस. मागे मोजलं की २६ जुलै येते. उन्हाळा पुरता सरला नसताना थंडीच्या पिकाचं बी टाकायचं हे अनेकांना पटत नाही. ते हवा छान गार होईपर्यंत थांबतात, आणि मग झाड दहा-बारा पानांवर असतानाच थंडी गाठते.

फार लवकर पेरण्यातही एक धोका आहे. हे झाड मुळात दोन वर्षांचं आहे. पहिल्या वर्षी पानं आणि गड्ड्या, मग थंडी खाऊन दुसऱ्या वर्षी फुलोरा. पेन्सिलीएवढं जाड खोड झालेलं रोप ४ ते १० अंशांत काही आठवडे राहिलं की त्याला वाटतं, आपला हिवाळा झाला. पुढे ऊब आली की ते गड्ड्या बांधण्याऐवजी थेट फुलोऱ्यावर जातं. म्हणून ऐन थंडीत रोपं तयार करून वसंतात लावायची तर रोप उबेत वाढवा, आणि ते लहान आहे तोवरच बाहेर काढा.

जिथे रात्रीसुद्धा उकडतं आणि गारठ्याचे सलग दोन महिनेही मिळत नाहीत, तिथे माझा सल्ला एकच: हा हट्ट सोडा. झाड जगेल, पानं भाजीला होतील, पण घट्ट गड्डीसाठी लागणारी हवा कुठल्याही खतानं आणता येत नाही.

वाण निवडताना

जुन्या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या वाणांत लाँग आयलंड इम्प्रूव्हड आणि कॅटस्किल सहज मिळतात. दोन्ही बुटके आहेत, त्यामुळे वाऱ्याला आणि लहान बागेला बरे. त्यांच्या गड्ड्या सारख्या आकाराच्या येत नाहीत, काही सैल निघतात. संकरित वाणांत जेड क्रॉस जुना आणि भरवशाचा, लवकर तयार होणारा. डायब्लो उशिराचा आणि उंच. मुळांवर गाठी येण्याचा रोग बागेत आधीपासून असेल तर क्रिस्पससारखा त्याला दाद न देणारा वाण शोधावा. रुबाइन आणि फाल्स्टाफ जांभळट-लाल आहेत. दिसायला देखणे, पण ते हळू वाढतात आणि उत्पन्न कमी देतात. मी बांधाच्या कडेला एखादं रोप लावते ते निव्वळ डोळ्यांसाठी.

कडूपणाची धास्ती असलेल्यांनी नवे संकरित वाण घ्यावेत. १९९० च्या दशकात नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हा कडूपणा मुख्यतः सिनिग्रिन आणि प्रोगोइट्रिन या दोन द्रव्यांमुळे येतो हे दाखवलं. त्यानंतर बियाणं तयार करणाऱ्यांनी कमी कडू जुने वाण धुंडाळून त्यांचा भरघोस वाणांशी संकर केला. लहानपणी एकदा खाऊन ज्यांनी ही भाजी कायमची टाकली, त्यांनी खाल्लेला वाण बहुधा आता बाजारात नसेलही.

पहिल्यांदाच लावत असाल तर ९० ते ११० दिवसांचा एक संकरित वाण घ्या आणि त्यावरच थांबा. चार वाणांची चार-चार रोपं लावली की कशाचं काय झालं ते कळत नाही.

रोपं

बी मोहरीसारखं दिसतं, आणि नात्यानंही ते मोहरीच्याच कुळातलं. एका ग्रॅममध्ये अडीचशे-तीनशे बिया बसतात, तेव्हा घरच्या बागेला चिमूटभर पुष्कळ झालं. उरलेलं बी कोरड्या, गार जागी झाकणबंद डबीत चार वर्षं चांगलं राहतं. डबीवर साल लिहायचं.

मी थेट वाफ्यात बी टाकत नाही. पाच आठवडे रोप डोळ्यांसमोर राहतं, तेवढ्यात वाफा आधीच्या पिकाखाली वापरता येतो, आणि उन्हाच्या दिवसांत ट्रे सावलीत हलवता येतो, वाफा हलवता येत नाही. साधारण पाच सेंटिमीटर खोल कप्प्यांचा ट्रे घ्या. त्यात कोकोपीट आणि बारीक चाळलेलं गांडूळखत, दोनास एक. नुसत्या कोकोपीटमध्ये अन्न नसतं, रोप दोन आठवड्यांत पिवळं पडायला लागतं. बागेतली माती ट्रेमध्ये नको. ती थापली जाते, आणि तिच्याबरोबर रोगही येतात.

कप्प्यात पेन्सिलीच्या टोकानं एक ते दीड सेंटिमीटरचं भोक पाडा, दोन बिया टाका, झाकून हलकं दाबा, पाणी फवाऱ्यानं द्या. २० ते २५ अंशांत पाच-सात दिवसांत कोंब वर येतात. बी ३० अंशांच्या वर रुसायला लागतं. म्हणून कडक उन्हाच्या काळात ट्रे घरातल्या गार कोपऱ्यात ठेवायचा, पण पहिला कोंब दिसला त्याच दिवशी उजेडात काढायचा. इथे एका दिवसाची हयगयही चालत नाही. अंधारात राहिलेला कोंब दोऱ्यासारखा लांबतो आणि पुढे कितीही ऊन दिलं तरी त्याचं खोड जाड होत नाही.

उजेड भरपूर आणि हवा गार, रोपाला एवढंच हवं असतं. जमलं तर उगवणीनंतर १५-१८ अंश. न जमल्यास सकाळचं पूर्ण ऊन आणि दुपारी पन्नास टक्के सावलीची जाळी. खिडकीत ठेवलं तर रोप काचेकडे मान वळवतं, ट्रे रोज फिरवावा लागतो. दिव्याखाली वाढवणाऱ्यांनी दिवा रोपापासून वीतभरापेक्षा लांब नेऊ नये आणि १४-१६ तास चालू ठेवावा.

उगवतानाच्या दोन बीजपानांनंतरची पहिली खरी पानं आली की प्रत्येक कप्प्यातलं कमजोर रोप कात्रीनं कापा. उपटू नका, शेजाऱ्याची मुळंही हलतात.

रोपं कोलमडण्याचा रोग याच वयात येतो. संध्याकाळी ताठ असलेलं रोप सकाळी जमिनीलगत बारीक, पाणचट होऊन आडवं पडलेलं असतं. त्यावर औषध शोधत बसण्यापेक्षा तो येऊच देऊ नये. ट्रे धुतलेला हवा, पाणी सकाळी आणि शक्यतो खालच्या तबकातून द्यावं, वरचा थर सुकल्याशिवाय पुन्हा देऊ नये, हवा खेळती असावी. संध्याकाळी ट्रे ओला राहिला की या बुरशीचं फावतं.

आणि लेबल लावा. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि हे, या सगळ्यांची रोपं पहिल्या महिन्यात इतकी सारखी दिसतात की अनुभवी माणसानंही पैज लावू नये. नावाबरोबर पेरणीची तारीख हवीच, पुढचं सगळं तिच्यावरून मोजायचं आहे.

जमीन

या पिकाला भारी, ओल धरणारी पण पाणी न तुंबणारी जमीन आवडते. सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) ६.५ ते ७.५ च्या दरम्यान. साधा तपासणी संच आणून एकदा बघून घ्या. माती आम्ल असेल तर लागवडीच्या महिना-दोन महिने आधी बागेचा चुना मिसळा. आम्ल मातीत मुळांवर गाठी येण्याचा रोग फार माजतो. या रोगाचे बीजाणू मातीत १० वर्षांहून जास्त तग धरतात, म्हणून तो बागेत शिरूच न देणं हाच उपाय. बाहेरून आणलेली कोबीवर्गीय रोपं आणि दुसऱ्याच्या बागेतली मातीनं माखलेली अवजारं, हे त्याचे दोन नेहमीचे रस्ते.

गेली तीन वर्षं कोबीच्या कुळातलं काहीही न लावलेली जागा निवडा. मुळा आणि मोहरीही याच कुळात मोजायची, हे लोक विसरतात. आधी वाटाणा किंवा घेवडा येऊन गेला असेल तर उत्तम.

दर चौरस मीटरला चार-पाच किलो पुरतं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा, आणि हे काम लागवडीच्या निदान तीन आठवडे आधी उरका. कारण त्यानंतर माती बसायला हवी. इतर भाज्यांसाठी आपण वाफा भुसभुशीत करतो, इथे मात्र तो पायानं दाबायचा. वाफसा असताना टाचांवर भार देऊन वाफ्यावरून बारीक पावलं टाकत जायचं. ओल्या चिखलात हे करू नका, माती वीट होते. दाबायचं कारण साधं आहे. मीटरभर उंच झाड, माथ्यावर जड पानं, आणि मुळं मात्र उथळ. सैल मातीत वारा झाडाला रोज थोडं थोडं हलवतो, बारीक मुळं तुटत राहतात, आणि अन्नपाणी कमी पडलेलं झाड घट्ट गड्डी बांधत नाही.

वाफ्यात लावणं

रोप चार ते सहा आठवड्यांचं, १०-१५ सेंटिमीटर उंच आणि पाच-सहा खऱ्या पानांचं झालं की ते तयार आहे. त्याआधी आठवडाभर त्याला बाहेरची सवय लावा. पहिल्या दिवशी दोन तास, मग वाढवत वाढवत पूर्ण दिवसरात्र.

अंतर दोन रोपांत ६० सेंटिमीटर, दोन ओळींत ७५. बुटक्या वाणांना ४५ चालतं. कोवळ्या रोपांमध्ये एवढी मोकळी जागा बघून हात शिवशिवतात. त्यात कोथिंबीर, पालक किंवा सॅलडची पानं घेऊन टाका, दीड महिन्यात ती निघून जातात. पण स्प्राउट्स दाटीनं लावू नका. दाटीत खालच्या पानांना ऊन मिळत नाही, ती लवकर पिवळी पडून गळतात, आणि त्यांच्या बेचक्यातली गड्डी हरभऱ्याएवढीच राहते.

संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी लावा. खड्डा इतका खोल की खालच्या पानांच्या देठापर्यंत खोड मातीत जाईल. शेंडा मात्र मोकळा हवा. लावल्यावर बुंध्याभोवती मुठीनं चांगलं दाबा, मग एका पानाचं टोक चिमटीत धरून ओढा. पान फाटलं पाहिजे, रोप हललं नाही पाहिजे. मी ही परीक्षा प्रत्येक रोपाची घेते. एक फाटलेलं टोक झाडाला परवडतं.

बुंध्याभोवती १५ सेंटिमीटर व्यासाची पुठ्ठ्याची चकती मधोमध चीर पाडून सपाट बसवा. कोबीच्या मुळांवरची माशी खोडालगतच्या मातीत अंडी घालते, तिला तो पुठ्ठा आडवा येतो. रात्री रोपं जमिनीलगत कुरतडली जात असतील तर खोडाला कागदाची नळी गुंडाळून ती दोन बोटं मातीत खोचा. काठी आत्ताच रोवा. झाड कलल्यावर रोवली तर मुळांतून जाते.

कुंडीत लावायचं असेल तर एका कुंडीत एकच रोप, कुंडी किमान २० लिटरची, वाण बुटका. तीन रोपं एका कुंडीत म्हणजे तिघांचीही उपासमार.

पानांचे दिवस

आता दोन-अडीच महिने झाडाचं एकच काम, पानं काढणं. आणि आपलं एकच काम, ते थांबू न देणं.

आठवड्याला साधारण तीन-चार सेंटिमीटर पाऊस पडल्याएवढं पाणी लागतं, म्हणजे दर चौरस मीटरला ३० ते ४० लिटर. ते आठवड्यातून दोनदा खोलवर द्या, रोज शिंपडू नका. वर सुक्या पानांचं किंवा गवताचं आच्छादन टाकलं की माती गार राहते, आणि मुळांना तेच हवं असतं. आच्छादन खोडाला टेकवू नये.

लागवडीनंतर तीन-चार आठवड्यांनी पहिलं वरखत. गांडूळखत, कुजलेलं कोंबडीखत किंवा पेंडीचं आंबवलेलं पाणी, हाताशी असेल ते. त्यानंतर महिन्यानं दुसरं. दोन्ही वेळी बुंध्याशी चार-पाच बोटं मातीची भर द्या आणि दाबा. मातीखाली गेलेल्या खोडाला नवी मुळं फुटतात.

पण डोळे वाटाण्याएवढे दिसायला लागले की नत्र (नायट्रोजन देणारं खत) बंद. इथे अनेकांचा हात थांबत नाही, कारण हिरवंगार झाड बघायला बरं वाटतं. या टप्प्यावर दिलेलं नत्र पानांना पुन्हा चेव आणतं आणि गड्ड्या सैल सुटतात. हवं तर लाकडाची राख मूठभर द्या, पालाश (पोटॅश) मिळतं. माती आधीच अल्कधर्मी असेल तर तीही नको.

बोरॉनची उणीव हे पीक पटकन दाखवतं. खोड आतून पोकळ, तपकिरी, गड्ड्या लहान आणि सैल. तशी खात्रीची लक्षणं असतील तरच दर चौरस मीटरला एक ग्रॅम बोरॅक्स भरपूर पाण्यात विरघळवून एकदा द्या. जास्त झालं तर तेच विष. अंदाजानं चमचा मारण्यासारखी ही वस्तू नाही, वजनकाट्यावर मोजा.

पाहुणे

पांढरी फुलपाखरं बागेत भिरभिरताना दिसली की कौतुक नको. पानाच्या खाली त्यांची पिवळट अंडी असतात, आणि आठवड्याभरात अळ्या पानाची चाळण करतात. चौकोनी ठिपक्यांचा पतंग तर दिसतही नाही. त्याची हिरवी, बारीक अळी डिवचली की अंग वळवळवते आणि धाग्यावर लोंबकळते. ती शेंड्यात शिरली तर वाढ तिथेच खुंटते. सगळ्यात चांगला बंदोबस्त म्हणजे लागवडीच्या दिवसापासून कमानींवर बारीक जाळी. ती पानांना टेकता कामा नये, नाहीतर फुलपाखरू वरूनच अंडी घालतं. कडा मातीत गाडा.

जाळी नसेल तर दर दोन दिवसांनी पानं उलटून बघा आणि अंडी बोटानं चिरडा. रोपं थोडी असतील तर हे कुठल्याही फवारणीपेक्षा भारी पडतं. अळ्या वाढल्याच तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जिवाणूजन्य औषध वापरा. ते अळीच्या पोटात गेलं तरच काम करतं आणि उन्हात लवकर निकामी होतं. म्हणून लहान अळ्यांवर, संध्याकाळी, पानाच्या दोन्ही बाजूंनी फवारायचं, आणि आठवड्यानं पुन्हा.

या पिकावरचा मावा राखाडी, पीठ भुरभुरल्यासारखा असतो. त्याचा खरा त्रास तोडणीच्या वेळी कळतो, कारण तो गड्डीच्या पापुद्र्यांत जाऊन बसतो आणि मग कशानंच निघत नाही. म्हणून डोळे फुगायच्या आधी त्याचा निकाल लावा. पहिली वस्ती दिसताच पाण्याचा जोरदार फवारा, मग निंबोळी तेल लिटरला पाच मिली. इथे एक बारकावा आहे. या पानांवर मेणाचा लेप असतो, नुसतं पाणी मोत्यांसारखं घरंगळून जातं. फवारणीच्या पाण्यात सौम्य द्रवरूप साबणाचे थोडे थेंब टाकले तरच ते पानाला धरतं.

पानाच्या कडेवर इंग्रजी व्ही अक्षरासारखे पिवळे डाग आणि त्यात काळ्या पडलेल्या शिरा दिसल्या तर तो घाण्या रोग. तो बियांतून येतो. बियांबद्दल शंका असेल तर पेरणीआधी ५० अंशांच्या पाण्यात २५ मिनिटं ठेवून लगेच गार पाण्यात बुडवा आणि सुकवा. थर्मामीटर नसेल तर या वाटेला जाऊ नका, दोन-तीन अंश जास्त झाले तरी उगवण जाते. दुपारी मान टाकणारं आणि संध्याकाळी सावरणारं झाड मुळांच्या गाठींचं असू शकतं. एक उपटून मुळं बघा म्हणजे खात्री होईल.

गड्ड्या भरताना

खालची पानं काढावीत की नाही, यावर बागकाम करणाऱ्यांचं एकमत नाही. काही जण अर्धं खोड सोलून ठेवतात. मला ते पटत नाही. ज्या पानाच्या बेचक्यात गड्डी बसली आहे, तिला अन्न मुख्यतः तेच पान पुरवतं. हिरवं, कामाचं पान तोडणं म्हणजे भरणाऱ्या गड्डीचं ताट ओढणं. मी फक्त पिवळी पडलेली पानं काढते, कारण ती सडून गड्डीवर काळे डाग पाडतात. देठ खाली दाबला की ते टचकन सुटतं.

शेंडा खुडणं मात्र कामाचं आहे. शेंडा शाबूत असेपर्यंत तो ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली पाठवून बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतो. तळाच्या गड्ड्या दीड-दोन सेंटिमीटरच्या झाल्या की शेंड्याचा दोन बोटं भाग खुडा. वरच्या गड्ड्या झपाट्यानं भरतात आणि तीन-चार आठवड्यांत संपूर्ण खोड जवळपास एकदम तयार होतं. गारठ्याचा काळ तोकडा असलेल्यांनी हे जरूर करावं. ज्यांच्याकडे थंडी लांबते आणि थोड्या थोड्या गड्ड्या दोन महिने हव्या आहेत, त्यांनी शेंडा तसाच ठेवावा. खुडलेला शेंडा फेकू नका, कोवळ्या कोबीसारखी त्याची भाजी होते.

तळाच्या गड्ड्या एव्हाना सैल उघडत असतील, तर कारण बहुतेक वेळा हवा असते. गारठ्याआधीच भरलेल्या त्या पहिल्या चार-पाच गड्ड्या तोडून टाका. वरच्या घट्ट येतील, कारण त्या थंडीत भरतात. खालपासून वरपर्यंत सगळ्याच सैल असल्या तर वाण, सैल माती किंवा उशिरा दिलेलं नत्र, या क्रमानं संशय घ्या.

तोडणी

गड्डी अडीच ते चार सेंटिमीटरची, हिरवीगार आणि दाबल्यावर टणक लागली की ती तयार. तयारी खालून वर सरकते, तोडणीही तशीच. आधी तिच्याखालचं पान मोडा, मग गड्डी खाली आणि बाजूला पिरगळा. चाकू फारसा लागत नाही. मोठी होऊ द्यावी या लोभानं थांबू नका, चार सेंटिमीटरच्या पुढे ती फुटायला आणि उग्र व्हायला लागते. सकाळी झाड गोठून कडक झालं असेल तर ऊन येऊन ते सैल होईपर्यंत हात लावू नका.

तोडलेल्या गड्ड्या न धुता, पिशवीत, फ्रिजच्या सर्वात गार कप्प्यात आठवडाभर सहज राहतात. त्याहून जास्त टिकवायच्या तर तोडूच नका. पानं काढून अख्खं खोड बुंध्याशी कापा आणि गार, सावलीच्या जागी ठेवा, गड्ड्या खोडावर जास्त दिवस ताज्या राहतात. फळांपासून मात्र लांब ठेवा. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनं पानं पिवळी पडतात. मावा राहिल्याची शंका असेल तर शिजवण्याआधी पंधरा-वीस मिनिटं मिठाच्या पाण्यात बुडवायच्या.

पुढच्या वर्षीसाठी घरचं बी धरायचा विचार असेल तर आधी तीन अडचणी ऐका. संकरित वाणाचं बी मूळ झाडासारखं निघत नाही. सरळ वाण असला तरी एक झाड सहसा स्वतःच्या परागावर बी धरत नाही, निदान पाच-सहा झाडं थंडीभर राखून एकत्र फुलवावी लागतात. आणि त्याच वेळी आसपास कोबी, केल किंवा नवलकोल फुलला असेल तर मधमाश्या सगळ्यांची सरमिसळ करतात. मी बी विकतच घेते.

तोडणी संपलेली खोडं वाफ्यात उभी ठेवू नयेत. मावा आणि पांढरी माशी पुढच्या पिकाची वाट बघत त्यांच्यावर मुक्काम करतात. मुळासकट उपटा आणि पहिल्यांदा मुळं तपासा. गाठी असतील तर ते झाड कंपोस्टात अजिबात जाता कामा नये. ते कचऱ्यात द्या नाहीतर जाळा. निरोगी खोडही अख्खं टाकलं तर वर्षभर कुजत नाही, लाकूडच असतं ते. उभं चिरून किंवा हातोडीनं ठेचून तुकडे करा, मगच खतात मिसळा.